ट्रॅकसाठी जुनी गाडी: वॅगन घ्यावी की सेडान?

पुण्यात मारुतीची बलेनो अल्टुरा किंवा टाटाची इंडिगो मरिना अशी एखादी टापटीप वॅगन (मागे वेगळ्या डिकीऐवजी शेवटपर्यंत लांब छप्पर असलेली गाडी) विकायला निघाली, की शर्यतीच्या नादी लागलेल्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, "व्होल्वोने वॅगन पळवली, मग आपण का नाही?" पळवता येते. पण त्याच पैशांत त्याच गाडीची सेडान मिळत असेल, तर वॅगन कधी घ्यावी आणि कधी तिच्या वाटेला जाऊ नये, याचा हिशोब करावा लागतो.

गाडी ट्रॅकवर चालत जाणार की ट्रकवरून?

सगळा निर्णय इथेच फिरतो. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे (२.१ किमी) आणि चेन्नईजवळचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट (३.७ किमी), हे दोन्ही शर्यतीचे ट्रॅक पुण्यापासून हजार किलोमीटरच्या पलीकडे. पूर्ण रोलकेज (चालकाभोवतीचा पोलादी नळ्यांचा पिंजरा), एकच सीट, प्लास्टिकच्या खिडक्या अशी गाडी रस्त्यावरून नेता येत नाही. नोंदणीतल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. म्हणजे गाडी लादून नेणारा फ्लॅटबेड ट्रक आला, त्याचं भाडं आलं. अशी गाडी बनवायची असेल तर सेडान घ्या.

गाडी स्वतः चालवत न्यायची, ट्रॅक डेला (ट्रॅकवर आपली गाडी हौसेने पळवायच्या दिवशी) दिवसभर फिरवायची आणि परत आणायची असेल, तर मात्र वॅगन सरळ जिंकते. मागची सीट पाडली की ट्रॅकच्या टायरची चार चाकं, जॅक, हत्यारं आणि दोन कॅन सहज बसतात. सेडानच्या डिकीत दोन चाकं जेमतेम जातात, उरलेली दोन सीटवर.

ब्रिटनच्या शर्यतींतून काय कळतं

ब्रिटिश टुरिंग कार चॅम्पियनशिपमध्ये तीन वॅगन गाजल्या. त्यांची उदाहरणं सर्रास दिली जातात, पण अर्धवट.

व्होल्वो ८५० इस्टेट (ब्रिटनमध्ये वॅगनला इस्टेट म्हणतात) १९९४ मध्ये उतरली. टॉम वॉकिन्शॉ रेसिंगने बांधलेली, दोन लिटरचं पाच सिलिंडर इंजिन, चालक रिकार्ड रिडेल आणि यान लामर्स. पाचवा क्रमांक ही तिची सर्वोत्तम कामगिरी. परेड लॅपला डिकीत भुसा भरलेला कोली कुत्रा ठेवून फिरवल्यामुळे ती जास्त लक्षात राहिली. जाहिरात म्हणून हा खेळ शंभर टक्के यशस्वी होता. १९९५ मध्ये मागच्या पंखांना (हवेच्या जोरावर गाडी खाली दाबणाऱ्या आडव्या पट्ट्यांना) सरसकट परवानगी मिळाली आणि व्होल्वोने लगेच सेडान आणली. त्या सेडानवर रिडेल तिसरा आला. लांब छपराच्या टोकाला हवा स्वच्छ सुटते, त्यामुळे पंख नसताना वॅगनचं फार बिघडत नाही. पंख आला की डिकीवर तो बसवायला सेडानला सोयीची जागा मिळते.

होंडा सिव्हिक टुरर २०१४ मध्ये आली. गॉर्डन शेडन आणि मॅट नील चालक. या गाडीने शर्यती जिंकल्या. पण २०१५ मध्ये त्याच संघाने सिव्हिक टाइप आर हॅचबॅक घेतली आणि शेडन विजेता झाला.

तिसरी सुबारू लेव्होर्ग, २०१६ ते २०१९. २०१७ चं विजेतेपद अ‍ॅश सटनने हिच्यावर मिळवलं. वॅगनच्या बाजूने हा सगळ्यात भक्कम पुरावा वाटतो. मात्र गाडीत खूप खाली बसवलेलं बॉक्सर (आडव्या सिलिंडरचं) इंजिन होतं आणि ताकद मागच्या चाकांना होती. श्रेय द्यायचं तर आधी त्यांना द्यावं लागेल. आपल्याकडच्या जुन्या वॅगनमध्ये यातलं काहीच नाही: इंजिन उभ्या सिलिंडरचं, चालना पुढच्या चाकांना.

वजन कुठे वाढतं

किती वाढतं यापेक्षा कुठे वाढतं हे महत्त्वाचं. चार मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला १० किलो भरते, आणि वॅगनला मागच्या बाजूला सेडानपेक्षा जास्त काच असते, तीही उंचावर. हजार किलोच्या गाडीत १० किलो वजन जमिनीपासून १.२ मीटरवर आलं, तर गुरुत्वमध्य सुमारे ७ मिलिमीटर वर सरकतो. चाकांमधलं अंतर १.४ मीटर आणि वळणावर १ जी (गाडीच्या वजनाइतका बाजूचा जोर) धरला, तर बाहेरच्या चाकांवर आणखी साधारण साडेआठ किलो जातात. त्याच जाडीचं पॉलिकार्बोनेट चौरस मीटरला ४.८ किलो, म्हणजे निम्म्याहून कमी. शर्यतीच्या वर्गाचे नियम परवानगी देत असतील तर वॅगनमध्ये पहिला खर्च इथे करा.

दुसरं, लांबीचं गणित. २० किलो जादा वजन मागच्या अ‍ॅक्सलच्या ६० सेंटिमीटर मागे असेल आणि व्हीलबेस अडीच मीटर, तर मागच्या चाकांवर सुमारे २५ किलो वाढतात आणि पुढच्यांवरून ५ किलो कमी होतात. ब्रेक मारताना हे बरं, मागचे टायरही जरा काम करतात. वळणातून बाहेर पडताना पुढची चाकं तेवढी लवकर घसरतात. आणि मधेच अ‍ॅक्सिलरेटर सोडला की शेपूट सुटतं, ते सेडानपेक्षा उशिरा आवरतं. म्हणून सेडानला मानवणारा जाड मागचा अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं कलणं रोखणारा दांडा) वॅगनला लगेच लावू नका. मूळ बारवर सुरुवात करा, आधी स्प्रिंग आणि शॉकअप जुळवा.

बांधून झाल्यावर वजन चार कोपऱ्यांच्या काट्यांवरच (प्रत्येक चाकाखाली एक) करा. भोसरी-चाकणचा ट्रकचा वजनकाटा पाच-दहा किलोच्या टप्प्याने मोजतो. इथले सगळे फरक त्याच्या नजरेतून निसटतात.

केज आणि मधली भिंत

सेडानला मागच्या सीटमागे पत्र्याची आडवी बांधणी असते. वॅगनला तिथे मोठं भोक. त्यामुळे मूळ बॉडी जास्त पिळवटते आणि केजला जास्त काम पडतं. एफआयएच्या (जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या) मापाप्रमाणे मुख्य हूपला (चालकामागच्या कमानीला) ४५ × २.५ किंवा ५० × २ मिमी, बाकीला ३८ × २.५ किंवा ४० × २ मिमीची विनाजोड, कोल्ड ड्रॉन कार्बन स्टीलची नळी लागते. पहिल्या मापाची नळी मीटरला २.६ किलो, ३८ ची २.२ किलो. वॅगनला मागच्या शॉकअप टॉवरांमध्ये (शॉकअपचं वरचं टोक जिथे बसतं त्या भागांमध्ये) आडवी आणि तिरपी अशी पाचेक मीटर नळी जादा धरा, म्हणजे ११ किलो. पाण्याची जीआय नळी कितीही स्वस्त पडली तरी नको: ती जोडाची असते, आणि जस्तामुळे वेल्डमध्ये छिद्रं राहतात.

हूपपासून मागे जाणारे केजचे आधार उभ्या रेषेशी किमान ३० अंशांत आणि सरळ हवेत. वॅगनची लांब जमीन बघून काही वेल्डर ते थेट मागच्या दरवाजापर्यंत नेतात. तिथला पत्रा पातळ, नळी लांब, धक्का बसला की वाकणारच. आधार टॉवरजवळच टेकवा.

आणखी एक भानगड. वॅगनमध्ये चालक आणि डिकी एकाच खोलीत. धावताना मागच्या दरवाजापाठी हवेचा दाब कमी होतो आणि दरवाजाचं रबर किंवा टेललाइटचं गॅस्केट गेलं असेल तर सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. पेट्रोलची टाकी डिकीत हलवणार असाल तर मधे द्रव आणि आग अडवणारी भिंत बांधावीच लागते. सेडानमध्ये निम्मी भिंत आयतीच असते.

कुठली गाडी

वॅगनच हवी असेल तर अल्टुरा. बलेनो सेडानचं १.६ लिटरचं इंजिन आणि खालचा बराचसा भाग तोच, त्यामुळे सुटे भाग सेडानमधून काढता येतात. मरिना पिंपरीत बनलेली म्हणून जिव्हाळा असेलही, पण ट्रॅकसाठी ती जड आणि सुस्त. स्कोडाची वॅगन ऑक्टाविया कॉम्बी वेगवान, रस्त्यावर सुखद, मात्र ताकदीसोबत वजन आणि भागांचे दरही चढे. आणि निव्वळ लॅप टाइम हवा असेल तर यातलं काहीच नको. चाकणची पोलो घ्या. तिच्यावर फोक्सवॅगनने शर्यतीची मालिकाच चालवली होती, त्यामुळे काय टिकतं आणि काय तुटतं हे आधीच माहीत आहे.

राष्ट्रीय स्पर्धेत उतरायचं असेल तर त्या वर्षीची एफएमएससीआयची (देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेची) नियमावली आधी मागवा. मॉडेलच्या नावासोबत बॉडीचा प्रकार आणि किमान वजनही वाचा. सेडान यादीत आहे म्हणून वॅगन आपोआप चालेल असं धरू नका.

रस्त्यावरून नेणार असाल तर केज नको. डॉट ४ ब्रेक ऑइल नवीन भरा. ताज्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ओलावा शिरलेल्याचा १५५ पर्यंत उतरलेला चालतो, आणि पुण्याच्या चार पावसाळ्यांत तो उतरतोच. मग ऑइल उकळून पेडल जमिनीला लागतं. चाकं रॅचेट पट्ट्यांनी हुकांना बांधा आणि ट्रॅकवर शिरण्याआधी सगळी उतरवा. मागे लोड-सेन्सिंग व्हॉल्व्ह (मागच्या वजनानुसार ब्रेकचा जोर ठरवणारा) असेल तर सामान काढल्यावर तो मागचा ब्रेक कमी करतो, हे पहिल्या लॅपला ध्यानात ठेवा.

विकत घेताना स्टेपनीच्या खळग्यातली चटई उचला, मागच्या शॉकअप टॉवरांच्या माथ्यावर स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, मागच्या दरवाजाच्या बिजागरांभोवती पेंटखाली फुगवटे आहेत का चाचपा. टॉवर गंजलेला असेल तर किंमत किती का कमी होईना, गाडी सोडून द्या. अल्टुरा सगळ्याच पंधरा वर्षांपुढच्या, तेव्हा पुनर्नोंदणी आणि ग्रीन टॅक्स भरल्याच्या पावत्या हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका.