स्पीकर फाटलेला नाही, रेकॉर्डिंगच तसं आहे

एमजीएमटी या अमेरिकी बँडचा 'ऑरॅक्युलर स्पेक्टॅक्युलर' हा अल्बम उन्हाळ्यापासून माझ्या गाडीत अडकून बसलाय. प्लेयर सीडी बाहेर टाकत नाही आणि पुढचं गाणं लावायचं बटणही गेलंय. फैजपूरहून भुसावळमार्गे जळगाव, रोजची ये-जा, म्हणजे तीच दहा गाणी, त्याच क्रमाने, चाळीस मिनिटं. सीडी जुनी, दीडशे रुपयांची. पैसे कधीच वसूल झाले.

जळगावात एका ऑडिओवाल्याकडे गाडी नेली. सीडी काढायचं राहिलं बाजूला, त्याने आवाज ऐकला आणि म्हणाला, "दादा, स्पीकर फाटलेत. चारही बदला, नवा डेक टाका." मी रेडिओ लावला. आकाशवाणी जळगाव, बातम्या, एकदम स्वच्छ. तोच स्पीकर बातम्यांना धड आणि गाण्याला फाटका कसा? याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं, बिलबुक मात्र उघडलेलं होतं.

तर हा खरखराट रेकॉर्डिंगमधलाच आहे. निर्माता डेव्ह फ्रिडमन, न्यूयॉर्क राज्यातल्या कॅसाडागाला त्याचा स्टुडिओ. ड्रम इतके चढवायचे की आवाज कडेला फुटावा, ही त्याची जुनी खोड. फ्लेमिंग लिप्स या दुसऱ्या बँडच्या रेकॉर्डवरही ऐकू येते. पहिल्याच 'टाइम टू प्रिटेंड' गाण्यात सिंथेसायझर आणि ड्रम एकत्र आले की बघा. स्पीकर फाटका असता तर आवाज कमी केल्यावर फरफर बरीच कमी झाली असती. इथे ती तेवढीच राहते, फक्त हळू ऐकू येते. आणखी पुरावा हवा असेल तर सातवं गाणं, 'पीसेस ऑफ व्हॉट': गिटार, गळा, आणि तेच स्पीकर साफ वाजतात. ऑडिओवाल्याला हे ऐकवायचं होतं, पण सातव्या गाण्यापर्यंत थांबायला तो तयार नव्हता.

हा दोष मला अजूनही खटकतो. खिडक्या उघड्या असल्या की सगळ्याचा लगदा होतो, आणि मेमध्ये एसी लावून पेट्रोल जाळणं मला परवडत नाही.

'टाइम टू प्रिटेंड', 'इलेक्ट्रिक फील' आणि 'किड्स' ही तिन्ही गाजलेली गाणी पहिल्या पाचात आहेत. तापीचा पूल येईपर्यंत माल संपलेला. 'किड्स' आणि 'टाइम टू प्रिटेंड' ही तर बँडमधल्या अँड्र्यू व्हॅनविनगार्डन आणि बेन गोल्डवॉसर या दोघांनी कॉलेजच्या दिवसांत रचलेली, 2005 च्या छोट्या रेकॉर्डवरही होती. 'किड्स' 2009 मध्ये फ्रान्सचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सार्कोझी यांच्या पक्षाने न विचारता वापरलं आणि भरपाई मोजावी लागली. आपल्याकडे प्रचाराच्या रिक्षावर कुणाची चाल वाजते, हे कोण विचारतं?

'इलेक्ट्रिक फील' मला आधी उगाच लंगडं वाटायचं. भुसावळला गाडीत बसणारा अमळनेरचा सहकारी भजनी मंडळात ढोलकी वाजवतो. येताना एकदा म्हणाला, "भाऊ, हाई काय वाजी ऱ्हायनं?" आणि डॅशबोर्डवर सहा मात्रा मोजत बसला. सहा मात्रांचा दादरा तालच की! तेव्हापासून ते गाणं चालायला लागलं.

दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल पावसाळ्यापर्यंत माझं मत होतं की तो भरतीचा आहे. बटण चालू असतं तर तिथवर गेलोच नसतो. आता 'ऑफ मून्स, बर्ड्स अँड मॉन्स्टर्स'ची शेवटची लांबलेली गिटार हा मला सगळ्या अल्बममधला सर्वांत चांगला तुकडा वाटतो, 'किड्स'पेक्षाही. 'द हँडशेक' अजून आवडलेलं नाही आणि 'फ्युचर रिफ्लेक्शन्स'वर अल्बम नुसता थांबतो, संपत नाही.

ज्यांना तीनच गाणी हवीत त्यांनी मोबाइलवर फुकट ऐकावीत. सीडी घ्यायची तर दीडशेच्या वर देऊ नका, आणि कुणी स्पीकर बदला म्हणालं तर आधी बातम्या लावून बघा. डेक मी बदलणार नाही. ऑडिओवाल्याने दोनदा फोन करून किंमत उतरवली आहे, अजून उतरेल.