व्हॅक्यूम पंप: प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर आठ महिने वापरून

वय ६२, सोलापूर. गेल्या दिवाळीनंतर कॅन्सरमुळे प्रोस्टेट ग्रंथी काढली. "नसा वाचवल्यात" असं डॉक्टर म्हणाले, म्हणजे ताठरता आणणाऱ्या मज्जातंतूंच्या नसा, आणि सगळं लवकरच पूर्ववत होईल असं मी धरून चाललो. वाचवलेल्या नसाही ओढाताणीत दुखावतात, सावरायला दीड-दोन वर्षंही घेतात, हे दुसऱ्या युरॉलॉजिस्टनी सांगितलं. ऑपरेशनआधी कुणी चकार शब्द काढला नव्हता. त्याचा राग अजून आहे.

ताठरताच येत नसेल तर तिथे ताजं रक्त कमी पोचतं, आतला भाग कडक होत जातो, लांबीही घटू शकते. पंप त्यासाठी: लिंगावर नळी बसवून आतली हवा ओढायची, की रक्त आत येतं आणि ताठरता येते. जानेवारीत, आमच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास सुरू केला. मेडिकलवाला ओळखीचा, म्हणून ऑनलाइन मागवला. हातानं ओढायचा आहे. जादा ओढ बसू नये म्हणून सुरक्षा व्हॉल्व्ह असलेलाच घ्या.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. केस ओढले जायचे, अंडकोषाची कातडी नळीत शिरायची, लाल ठिपके उठायचे. केस कापले, पाण्यात धुतलं जाणारं जेल भरपूर लावलं, घाई सोडली, मग जमलं. रोज दहा मिनिटं, रिंगशिवाय (रिंग म्हणजे आलेलं रक्त अडवून धरणारं घट्ट कडं). उन्हाळ्यात पहाटेच उरकायचो, नंतर घामानं नको व्हायचं.

संबंधासाठी मुळाशी रिंग लावावी लागते. ३० मिनिटांच्या आत ती काढायचीच, आणि लावून झोपायचं नाही. लिंग थोडं गार, निळसर पडतं, मुळाशी डुगडुगतं. पण काम होतं. वीर्य येत नाही, कारण ते बनवणारे भागच काढलेले असतात. सुख मात्र मिळतं. पहिल्यांदा थोडी लघवीही आली, तेव्हा मी रडकुंडीला आलो होतो.

सुरुवातीला मी बाथरूमची कडी लावून करायचो. एकदा ही बाहेरून म्हणाली, "अहो, लपवता कशाला? दुखणं दोघांनी काढलंय ना?" तेव्हापासून ती शेजारी बसते. मला सगळ्यात जास्त फरक त्यानं पडला.

सोबत डॉक्टरांनी दिलेली टाडालाफिल ही ताठरतेची गोळी चालू आहे. छातीसाठी नायट्रेट घेणाऱ्यांनी ती गोळी अजिबात घेऊ नये. रक्त पातळ करणारं औषध असेल तर पंपाआधीही विचारा.

श्रावणात एका पहाटे पंपाशिवाय, आपसूक थोडी ताठरता आली. संबंधापुरती नव्हती. तरी मी हिला उठवून सांगितलं. रिंग आता सैल झालीय, दुसरी मागवली आहे.