विंडोजचे व्हॉल्यूम लायसन्स घेताना आमच्या संस्थेची झालेली फसवणूक

नागपुरातील ज्या शिक्षणसंस्थेच्या संगणक विभागाची जबाबदारी माझ्याकडे आहे, तिने २०२३ च्या उन्हाळ्यात सुमारे ९० संगणकांसाठी विंडोज आणि ऑफिसचे व्हॉल्यूम लायसन्स, म्हणजे एकाच करारात अनेक संगणकांसाठी मिळणारा वापराचा परवाना, विकत घेतले. त्या पैशांच्या बदल्यात संस्थेच्या हाती लायसन्स कधी आलेच नाही. हा व्यवहार एखाद्या अनोळखी संकेतस्थळावर झालेला नव्हता. विक्रेत्याचे सीताबर्डीत दुकान आहे, त्याच्याकडे जीएसटी क्रमांक आहे, खरेदी समितीने रीतसर तीन दरपत्रके मागवली होती, आणि त्याचा दर सर्वांत कमी असला तरी संशय यावा इतका कमी नव्हता. शहरातील इतर महाविद्यालयांनाही त्याच मजकुराची दरपत्रके गेल्याचे समजल्यामुळे हा सगळा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

रक्कम जमा होताच विक्रेत्याचे तंत्रज्ञ आले, प्रत्येक संगणकाला पेनड्राइव्ह लावून त्यांनी काम उरकले आणि सेटिंग्जमधील ‘विंडोज ॲक्टिव्हेटेड आहे’ हा संदेश प्राचार्यांना दाखवला. सोबत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एक रंगीत प्रमाणपत्र आणि ई-मेलने २५ अक्षरांची एक की मिळाली. पुढे बरेच महिने सगळे सुरळीत चालले.

२०२४ च्या एप्रिल-मेमध्ये, विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षांचे काम ऐन भरात असताना, प्रयोगशाळेतील आणि मग कार्यालयातील संगणकांचे डेस्कटॉप काळे पडू लागले, उजव्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ ही अक्षरे उमटली आणि वर्डच्या शीर्षपट्टीवर लाल पट्टा दिसू लागला. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एसएलएमजीआर /डीएलव्ही’ ही आज्ञा दिली, तेव्हा उघडलेल्या चौकटीत केएमएस सर्व्हर (इतर संगणकांना ॲक्टिव्हेट करून देणारा संगणक) म्हणून आमच्या जाळ्याबाहेरचा, इंटरनेटवरचा एक अनोळखी पत्ता होता. तोच पत्ता पुढच्या संगणकावर होता आणि त्याच्या पुढच्याही.

खऱ्या व्यवस्थेत काय होते, हे येथे सांगणे आवश्यक आहे. केएमएस पद्धतीत संस्थेच्या स्वतःच्या जाळ्यात एक सर्व्हर असतो. त्यावर संस्थेच्या कराराखाली मिळालेली गोपनीय की असते, ती मायक्रोसॉफ्टकडे एकदा नोंदवली जाते, आणि मग बाकीचे संगणक १६८८ क्रमांकाच्या पोर्टवरून या सर्व्हरशी बोलून ॲक्टिव्हेट होतात. हे ॲक्टिव्हेशन १८० दिवस टिकते आणि संगणक साधारण दर ७ दिवसांनी त्याचे नूतनीकरण करून घेतो. किमान २५ विंडोज संगणकांनी विचारणा केल्याशिवाय असा सर्व्हर कोणालाही ॲक्टिव्हेट करत नाही. ऑफिससाठी ही मर्यादा ५ आहे. आमच्याकडे असा सर्व्हर बसवलेलाच नव्हता. संगणक कोणीतरी बेकायदा चालवलेल्या सर्व्हरकडे वळवले होते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नवीन फायरवॉल (जाळ्यातून आत-बाहेर होणाऱ्या जोडण्यांवर नियंत्रण ठेवणारी यंत्रणा) बसवली, तिने बाहेर जाणारी अशी जोडणी अडवली आणि नूतनीकरण थांबले. ज्या संगणकाचे शेवटचे नूतनीकरण आधी झालेले होते, त्याचे १८० दिवस आधी संपले आणि तो आधी उघडा पडला. फायरवॉल बसली नसती तर आपल्या कार्यालयातील संगणक रोज कोणाच्या सर्व्हरशी बोलत आहेत, हे आम्हाला कदाचित आजही कळले नसते. काही संगणकांवर विंडोज डिफेंडरमध्ये, म्हणजे विंडोजच्या अंगभूत अँटिव्हायरसमध्ये, त्या तंत्रज्ञांच्या फोल्डरला तपासणीतून मुद्दाम सूट दिलेली आढळली. ती काढताच डिफेंडरने आतील साधन घातक म्हणून पकडले. विद्यार्थ्यांची माहिती ज्या संगणकांवर आहे त्यांवर हे केले गेले, याचा मला पैशांपेक्षा जास्त संताप आहे.

ई-मेलने आलेल्या कीची शेवटची पाच अक्षरे ‘टी ८ ३ जी एक्स’ अशी होती. विंडोज १० आणि ११ प्रोफेशनलसाठी मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या संकेतस्थळावर सर्वांना दिसेल अशी छापलेली ही सर्वसाधारण की आहे. ती टाकल्याने संगणक फक्त केएमएस सर्व्हर शोधू लागतो, वापराचा कोणताही हक्क तिच्यातून मिळत नाही. प्रमाणपत्रावर ‘ओपन लायसन्स’ योजनेचे नाव होते. पण त्या योजनेतील नवी विक्री ३१ डिसेंबर २०२१ रोजीच बंद झाली होती. बिल काढून पाहिले तर त्यात ‘सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन व सपोर्ट’ एवढाच मजकूर होता. ही फसवणूक आधीपासून आखलेली होती, याबद्दल त्यानंतर माझ्या मनात शंका उरली नाही.

आणखी एक गोष्ट तपासणीत पुढे आली. जवळजवळ निम्मे संगणक नामांकित कंपन्यांचे होते आणि त्यांच्यासोबत विंडोज प्रोफेशनलचे लायसन्स कारखान्यातूनच आलेले होते, ज्याची की मदरबोर्डमध्ये साठवलेली असते. तंत्रज्ञांनी तीच बाजूला सारून त्यावर आपली की टाकली होती, म्हणजे जे संस्थेचे होतेच त्याचे पैसे तिच्याकडून पुन्हा घेतले गेले. उरलेले संगणक स्थानिक जुळणीचे होते. विंडोजचे व्हॉल्यूम लायसन्स हे अपग्रेडचे लायसन्स असते आणि त्यासाठी संगणकावर आधीपासून पात्र मूळ विंडोज असावी लागते. त्यामुळे अशा संगणकांसाठी नुसते व्हॉल्यूम लायसन्स देऊ करणारे दरपत्रकच मुळात चुकीचे असते.

विक्रेत्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, “सर, टेन्शन घेऊ नका, एनीडेस्क सुरू करा, पाच मिनिटांत पुन्हा ॲक्टिव्हेट करून देतो.” (एनीडेस्क म्हणजे दुसऱ्याचा संगणक दुरून चालवू देणारे साधन.) त्यासाठी त्याने वार्षिक नूतनीकरण शुल्कही मागितले. करार क्रमांक मागितल्यावर उत्तरे बंद झाली. व्यवहार २०२३ चा असल्याने आमची तक्रार भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० खाली फसवणुकीची आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ चे कलम ६३ ब मात्र प्रत्येक संस्थाचालकाने वाचावे. संगणक प्रणालीची बेकायदा प्रत आहे हे माहीत असूनही ती वापरत राहणाऱ्याला किमान ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. म्हणून कळताच वापर थांबवणे हाच मार्ग होता. नामांकित कंपन्यांच्या संगणकांवर मूळ की परत घातली, प्रोग्रामिंगच्या प्रयोगशाळेत विंडोजऐवजी उबुंटू ही मोफत संगणक प्रणाली बसवली आणि उरलेल्यांसाठी अधिकृत विक्रेत्याकडून पूर्ण लायसन्स घेतले.

व्हॉल्यूम लायसन्स घेताना करार संस्थेच्या नावाने आणि संस्थेच्या अधिकृत ई-मेलवर करून घ्यावा. मायक्रोसॉफ्टच्या ॲडमिन सेंटरमध्ये स्वतः प्रवेश करून त्यात उत्पादनाचे नाव व संख्या दिसल्याशिवाय अंतिम रक्कम देऊ नये. एमएके प्रकारची की (जी ठरावीक वेळा थेट मायक्रोसॉफ्टकडे ॲक्टिव्हेट करता येते) मिळाली, तर तिच्या ॲक्टिव्हेशनची ठरलेली संख्याही तेथेच दिसते. दुसऱ्याच संस्थेची फुटलेली एमएके विकण्याचे प्रकारही होतात आणि अशी की पुढे बंद केली जाते. आपल्याकडे कोणत्याही संगणकावर अनोळखी केएमएस पत्ता सापडला, तर दुरुस्तीला हात लावण्याआधी त्या चौकटीचे छायाचित्र, डिफेंडरमधील सूट दिलेल्या फोल्डरची नोंद, मूळ ई-मेल आणि बिल जपून ठेवावे, कारण संगणक स्वच्छ केल्यावर पोलिसांना दाखवायला यांतले काहीही संगणकावर उरत नाही. तक्रार १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवता येते.