आधी कथा, मग ‘अरायव्हल’

टेड चियांगचा ‘स्टोरीज ऑफ युअर लाइफ अँड अदर्स’ (२००२) हा कथासंग्रह मी त्यातल्या ‘स्टोरी ऑफ युअर लाइफ’ या कथेवरचा सिनेमा ‘अरायव्हल’ (२०१६) पाहिल्यावर वाचला. क्रम चुकला याची हळहळ वाटते. सिनेमात धुरकट पडद्यामागे उमटणारी परग्रहवासीयांच्या लिपीची शाईची वर्तुळं बघून अंगावर काटा येतो. पण प्रकाश पाण्यात शिरताना कमीत कमी वेळाची वाट धरतो, म्हणजे मुक्काम त्याला आधीच ठाऊक हवा, हा कथेचा कणाच सिनेमात नाही. लष्कराची धावपळ मात्र वाढवलीय. कथेत त्यांची भाषा शिकून पुढचं आधीच कळू लागलेली आई लेकीशी भविष्यकाळात बोलते: करशील, म्हणशील, जाशील. ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि झोपलेल्या लेकीजवळ जाऊन बसले. संग्रहातली पहिलीच कथा, आभाळाच्या छताला कुदळ लावणाऱ्या खाणकामगारांची, तीही सोडू नका.