चौकोनी टाइल घ्यावी की षटकोनी?

मामेबहीण नव्या घरासाठी टाइल बघतेय आणि चार बाजूंची घेऊ की सहा बाजूंची यावर अडकलीये. दुकानदार म्हणतो षटकोनी ट्रेंडमध्ये आहे, ते सोडून देऊ, आपण बाजू आणि कोपरेच बघू.

चौकोनाचा प्रत्येक कोपरा 90 अंशाचा, म्हणून एका बिंदूपाशी चार टाइल्स भेटतात. षटकोनाचा 120 चा, तिथे तीनच पुरतात. (सम पंचकोनाचा 108, तीन जोडल्या तरी 36 अंशांची फट राहते, म्हणून तशा टाइलने फरशी भरतच नाही.)

सांध्यांचं गणित मला फार आवडतं. टाइलचं क्षेत्रफळ सारखं घेतलं तर बाजू जास्त असूनही षटकोनाचा घेर सुमारे 7 टक्के कमी भरतो, म्हणजे ग्राउटही (टाइल्सच्या सांध्यांत भरायचा मसाला) कमी! पण षटकोनी टाइल बऱ्याचदा लहान साइजमध्ये घेतली जाते, मग सांधे उलट वाढतात आणि घासत बसावं लागतं.

कटिंगमध्ये मात्र चौकोनीच पुढे. कोपऱ्यातून सुरुवात केली की साधारण दोनच भिंतींना कापावी लागते, षटकोनीची कड सरळ येत नाही त्यामुळे चारही भिंतींना कटिंग, वेस्टेज जास्त, मिस्त्रीचा वेळही जास्त.

हॉल, बेडरूम, बजेट टाइट असेल तर चौकोनी घे. बाथरूमच्या उताराला लहान षटकोनी छान बसते, सांधे जास्त म्हणून पायही कमी घसरतो, तिथे तीच लाव.