सेफारिया: माशांबरोबर दूध चालतं का, याचा माग काढायचा असेल तर

मासे आणि दूध हा आयुर्वेदाने सांगितलेला विरुद्ध आहार आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. ज्यू लोकांतही असाच एक वाद आहे. अनेक सेफार्दी (मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या परंपरेतल्या) घरांत मासे दुधाबरोबर खात नाहीत, तर अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपातल्या परंपरेच्या) घरांत पावावर चीज आणि सामन मासा हा नेहमीचा नाश्ता असतो. ग्रंथ एकच असताना असं का? अशा प्रश्नाचा माग काढण्यासाठी सेफारियाइतकं उपयोगी साधन दुसरं नाही. मात्र ते कसं वापरायचं हे माहीत नसेल, तर त्याच सेफारियावर अर्ध्या तासात चुकीचं उत्तरही सापडतं.

सेफारिया हे ज्यू ग्रंथांचं डिजिटल ग्रंथालय आहे. २०११ मध्ये जोशुआ फोअर आणि ब्रेट लॉकस्पायझर यांनी ना-नफा तत्त्वावर ते सुरू केलं. संकेतस्थळ आणि मोबाइल अ‍ॅप दोन्ही मोफत आहेत, आणि वाचायला खातं उघडावं लागत नाही. तनाख (हिब्रू बायबल), मिश्ना (तोंडी नियमांचा जुना संग्रह), त्यावरच्या चर्चेचे दोन्ही तालमूद, मिद्राश (बायबलवरची जुनी विवेचनं), मध्ययुगीन पंडित मैमोनिदेसची धर्मसंहिता, शुल्हान आरूख हा धर्मनियमांचा प्रमाण ग्रंथ असं बरंच काही मूळ हिब्रू-अरामीत आहे, आणि पुष्कळ ग्रंथांना इंग्रजी भाषांतराची जोड आहे.

खरी ताकद आहे बाजूच्या पट्टीत. कुठल्याही ओळीवर टिचकी मारली की ती ओळ आणखी कुठे उद्धृत झाली, तिच्यावर कोणी भाष्य केलं, तिच्यावरून कोणता नियम निघाला, हे सगळं शेजारी उघडतं. माशांचा प्रश्न घेऊन हे करून पाहा. सुरुवात निर्गम २३:१९ पासून: करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये. हीच आज्ञा निर्गम ३४:२६ आणि अनुवाद १४:२१ मध्येही येते. पट्टीतून मिश्नाच्या ‘खुल्लीन’ या खंडातल्या ८:१ वर जा. दुधात कोणतंही मांस शिजवायला तिथे मनाई आहे, पण मासे आणि टोळ वगळून. म्हणजे मासे मोकळे. शुल्हान आरूखच्या योरे देआ भागात ८७:३ उघडलं तरी तेच: मासे आणि टोळ यांना रब्बींनीसुद्धा (ज्यू धर्मगुरूंनीसुद्धा) बंदी घातलेली नाही.

नवखा वाचक इथे थांबतो, आणि गंमत तर इथून पुढे आहे. शुल्हान आरूखचे कर्ते योसेफ कारो यांनी आपल्या आधीच्या ‘बेत योसेफ’ या मोठ्या ग्रंथात नेमक्या याच जागी लिहिलं आहे की मासे दुधात खाऊ नयेत, धोका आहे. त्यासाठी ते ‘ओराख खयीम’ या दुसऱ्या भागातलं १७३ पाहायला सांगतात. १७३ उघडलं तर तिथे दुधाचा उल्लेखच नाही. तिथे आहे मांस आणि मासे यांची गोष्ट: दोन्हींच्या मध्ये हात धुवावेत, कारण एकत्र खाल्ल्याने रोग होतो, आणि निषेधापेक्षा धोक्याबाबत जास्त कडक राहायचं. त्याचा उगम तालमूदात, ‘पेसाखीम’ या खंडाच्या पान ७६ब वर सापडतो. मग दूध आलं कुठून? ८७:३ च्या पट्टीत ‘तूरे झाहाव’ आणि ‘सिफ्ते कोहेन’ ही दोन भाष्यं उघडा. दोघेही म्हणतात, बेत योसेफमध्ये चूक झाली आहे, मांसाच्या जागी दूध आलं. पण सेफार्दी परंपरेतल्या अनेकांनी कारोंचा शब्द तसाच मानला, आणि रूढी टिकली. छापील ग्रंथांतून हा माग काढायचा तर टेबलावर पाच जाडजूड खंड उघडे ठेवावे लागतात.

आता कुठे अडतं ते. तालमूदाचा संदर्भ पानाचा असतो आणि प्रत्येक पानाला दोन बाजू असतात. अ‍ॅपवर त्या इंग्रजी ए आणि बी ने दाखवतात. प्रत्येक खंड पान २ पासून सुरू होतो. पान १ शोधून मिळालं नाही तर अ‍ॅप बिघडलेलं नाही. तनाखच्या ओवी-क्रमांकांतही फसगत होते. मराठी बायबलमध्ये मलाखीचे चार अध्याय आहेत, हिब्रूत तीनच. स्तोत्रांत शीर्षकही ओवी म्हणून मोजतात, त्यामुळे स्तोत्र ५१ मध्ये आकडे चक्क दोनने पुढे सरकतात. मराठी प्रत शेजारी ठेवून वाचणाऱ्याने हे आधी जुळवून घ्यावं.

तालमूदाच्या इंग्रजी भाषांतरात काही शब्द ठळक असतात, काही साधे. ठळक शब्द म्हणजे मूळ मजकूर, साधे शब्द म्हणजे आधुनिक टीकाकार रब्बी स्टाइनसाल्ट्झ यांनी घातलेलं स्पष्टीकरण. हा फरक न ओळखता उतारा दिला तर टीकाकाराचं वाक्य तालमूदाच्या तोंडी जातं; ही चूक सहज होते. हिब्रू शब्द निवडला की शब्दकोश उघडतो, अडलेल्या शब्दासाठी तो वापरावाच. बेत योसेफसारख्या ग्रंथांचं इंग्रजी फारसं नाही, तिथे हिब्रूला पर्याय नाही. वाचकांनी स्वतः जुळवलेली संदर्भपत्रंही सेफारियावर असतात. ती चांगली असू शकतात, पण कोणीही बनवू शकतो. मूळ ओळ उघडून पाहिल्याशिवाय त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. प्रवासात वाचायचं असेल तर अ‍ॅपमध्ये लागणारे ग्रंथच उतरवा. सगळं उतरवायला गेलात तर फोनची जागा भरते.

मराठी वाचकाला एक उणीव जाणवेलच: सगळा व्यवहार इंग्रजी किंवा हिब्रूतून चालतो. बेने इस्रायलांसाठी (कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंसाठी) १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू-मराठी हगादा, म्हणजे वल्हांडण सणाला वाचायची पोथी, छापली गेली होती. त्या परंपरेची पुढची पायरी इथे नाही. मलिदा (बेने इस्रायलांचा गोड पोह्यांच्या प्रसादाचा विधी) का करतात, एलियाहू हनाबीचं (एलिया संदेष्ट्याचं) नाव त्यात कसं आलं, असे प्रश्न घेऊन आलात तर हाती फार लागणार नाही. जी रूढी घरातून घरात आली, ती या ग्रंथांच्या जाळ्यात नाही.

घरात आज काय शिजवावं, हेही सेफारियाला विचारू नये. ते मतं दाखवतं, निवाडा देत नाही. त्यासाठी आपल्या परंपरेचा जाणकार रब्बी हवा.

तरीही नारळाचं दूध घालून मटण करणाऱ्या बेने इस्रायली घराने योरे देआ ८७:३ वरची अश्केनाझी रब्बी मोशे इस्सर्लेस यांची टीप जरूर वाचावी. बदामाच्या दुधात गुराचं मांस शिजवलं तर शेजारी थोडे बदाम ठेवावेत, म्हणजे पाहणाऱ्याला ते खरं दूध वाटणार नाही, असं ते सांगतात. जिथे असं दूध रोजचंच आहे तिथे संशयाला जागा उरत नाही, असं नंतरच्या काहींचं मत आहे. ही टीप पोलंडमधल्या क्रॅकोमध्ये बसून लिहिलेली आहे. अलिबागला ती कशी लावायची हे ठरवताना दोन्ही मतं समोर हवीत.