आर्ट लाइनवरचा हिमोडायनॅमिक मॉनिटर : नऊ महिने वापरल्यावर

आमच्या आयसीयूत हा रक्ताभिसरणावर नजर ठेवणारा मॉनिटर येऊन नऊ महिने झाले. मी तिथली सिस्टर, बहुतेक नाइटला. आधी शॉकमधल्या (रक्ताभिसरण कोलमडलेल्या) पेशंटचं बीपी पडलं की ठरलेलं असायचं: पाचशेची सलाइन सोडा, वाट बघा, अजून एक सोडा. पहाटेपर्यंत फुप्फुसात पाणी, अंगावर सूज. हे खूप कमी झालं, त्यासाठी मी या यंत्राला मनापासून मानते.

मनगटाच्या धमनीत घातलेल्या बारीक नळीला, म्हणजे आर्ट लाइनला, याचा सेन्सर जोडायचा. नाडीच्या लाटेच्या आकारावरून हृदय एका ठोक्याला किती रक्त फेकतंय याचा, म्हणजे स्ट्रोक व्हॉल्यूमचा, अंदाज निघतो आणि आमच्याकडच्या यंत्रात दर 20 सेकंदांनी आकडा बदलतो. 1970 साली आलेल्या स्वान-गँझ कॅथेटरसारखं हृदयातून नळी न्यावी लागत नाही.

एसव्हीव्हीच्या, म्हणजे श्वासागणिक स्ट्रोक व्हॉल्यूम किती टक्के बदलतो त्या आकड्यावर मात्र डोळे झाकून जाऊ नका. तो 13 टक्क्यांच्या वर गेला की पेशंटला सलाइनचा उपयोग होईल असं धरतात, पण त्यासाठी पेशंट स्वतः श्वास न घेता पूर्ण व्हेंटिलेटरवर हवा, टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात दिलेली हवा) किलोमागे 8 मिलिच्या आसपास हवा आणि ठोके नियमित हवेत. एएफ (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार) असेल तर तो आकडा सोडूनच द्या. स्वतः श्वास घेणाऱ्यांचे आम्ही पाय उचलून, म्हणजे पायातलं रक्त हृदयाकडे आणून बघतो. डोकं 45 अंशांवरून सपाट, पाय 45 वर, आणि मिनिटभर नजर स्क्रीनवर. स्ट्रोक व्हॉल्यूम 10 टक्के वाढला तर सलाइन. नाही तर डॉक्टर नॉरॲड (बीपी वाढवणारं औषध) वाढवायला सांगतात. इथे हे यंत्र खरंच सोनं आहे, कारण पाय खाली घेतले की सगळं पूर्ववत, पेशंटच्या अंगात एक थेंबही जास्तीचा गेलेला नसतो.

तिसऱ्या आठवड्यातली रात्र माझ्या डोक्यातून जात नाही. चार नंबरच्या आजींचं मीन प्रेशर (सरासरी बीपी) 71 दिसत होतं, आम्हाला हवं होतं किमान 65. पण दोन तास लघवी नाही, गुडघ्यांवर जांभळट जाळी. बोटाचं टोक दाबून सोडलं तर रंग परतायला पाच सेकंद लागले. वर बघितलं तर एक्स-रेसाठी बेड उंच केलेला आणि ट्रान्सड्यूसर (आर्ट लाइनचं प्रेशर मोजणारा भाग) स्टँडवर तिथेच, हृदयाच्या पातळीच्या वीतभर खाली. तो खाली राहिला की प्रेशर खोटंच जास्त दिसतं, दर 10 सेंटीमीटरला पाऱ्याच्या साडेसात मिमीने. हृदयाच्या पातळीला आणून (लेव्हल करून) झिरो केलं, खरं प्रेशर 56 निघालं. यंत्राने एकही अलार्म दिला नव्हता, कारण त्याच्या दृष्टीने सगळं ठीक होतं. तेव्हापासून बेड हलला की आधी लेव्हल, मग चादर.

नॉरॲडचा डोस भराभर बदलत असेल तेव्हाही कार्डियाक आउटपुटवर (हृदय मिनिटाला किती रक्त फेकतं त्या आकड्यावर) मी फार भिस्त ठेवत नाही. डॉक्टर इको करून खात्री करतात.

सेन्सर प्रत्येक पेशंटला नवा लागतो आणि त्याचं बिल नातेवाइकांच्या हातात पडतं, हे मला सलतं. सलाइनच्या पहिल्या लिटरात सावरणाऱ्याला आम्ही तो लावत नाही. तुमच्याकडे घेणार असतील तर मशीनच्या किमतीआधी सेन्सरचा दर विचारा, आणि डेमोला नाइटच्या सिस्टरांनाही बोलवा.